सुट्टीनंतरचा पहिला आठवडा कुणाच्या खात्यात?

हिवाळ्याची सुट्टी संपत आली की पालकांच्या ग्रुपवर ठरलेला वाद सुरू होतो. एकीकडे शिस्तवाले, की सुट्टी असली म्हणून काय झालं, झोपायची वेळ सोडायचीच नाही, सोडली की मग भोगा फळं. दुसरीकडे मोकळीकवाले, की अहो लहान आहेत, हे दिवस पुन्हा येणार आहेत का, दोन आठवडे उशिरा झोपली तर काय आभाळ कोसळतं? मग कोणीतरी स्क्रीनचा विषय काढतं, कोणीतरी आजी-आजोबांनी लाडावून ठेवल्याचं म्हणतं, तेवढ्यात कोणाच्या तरी सासूबाई त्याच ग्रुपवर आहेत हे लक्षात येतं आणि वाद तात्पुरता थांबतो. माझं स्पष्ट मत आहे की हे सगळं भांडण भलत्याच ठिकाणी चाललंय. सुट्टीत मुलांनी काय केलं यावर आपण तावातावाने बोलतो, पण सुट्टीतून परत यायला लहान मुलाला वेळ लागतो, निदान एक आठवडा तरी, आणि हा आठवडा ना शाळेच्या हिशोबात असतो ना ऑफिसच्या, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. शाळा रविवारी बंद असते आणि सोमवारी पूर्ण वेगात सुरू. मधला खर्च कोण भरतं? बहुतेक घरांत एकच माणूस भरतं आणि ते कोण हे सांगायची गरज नाही. हा आठवडा उघडपणे हिशोबात धरला पाहिजे, शाळेने पण आणि ऑफिसने पण, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता शिस्तवाल्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण त्यांची बाजू लोक समजतात त्यापेक्षा जास्त भक्कम आहे. माणसाच्या शरीरातलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असतं, बाहेरचा उजेड त्याला रोज थोडं मागे खेचून जागेवर आणतो. म्हणून उशिरा झोपणं आपल्याला आपोआप जमतं आणि लवकर झोपणं मुद्दाम जमवावं लागतं, हे मोठ्यांचं आणि मुलांचं दोघांचंही. लहान मुलांवर रात्रीच्या उजेडाचा परिणाम तर फारच जोरात होतो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर २०१८ मध्ये एक छोटासा अभ्यास झाला, झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं तर झोप आणणारं मेलाटोनिन जवळजवळ ८८ टक्के कमी झालं, आणि दिवा मालवल्यावरही बहुतेकांचं बराच वेळ वर आलंच नाही. म्हणजे रात्री दहा वाजता झगझगीत दिव्याखाली टक्क जागं असलेलं पोर हट्टी नसतं, त्याच्या शरीरात अजून रात्र झालेलीच नसते. दुसरा मुद्दा वजनाचा. अमेरिकेतच बालवाडी आणि पहिलीच्या मुलांचा मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात शाळेच्या महिन्यांपेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं वजन उंचीच्या मानाने जास्त भराभर वाढलेलं दिसलं. शाळेची घंटा, ठराविक वेळेला खाणं, ठराविक वेळेला पळापळ, यातून मुलांना काहीतरी मिळतं जे आपल्याला घरी देता येत नाही. हे पचायला जड आहे पण खरं आहे.

तरीही यातून "सुट्टीत वेळ सोडूच नका" हे कसं निघतं? जरा साधा हिशोब मांडू. झोपेच्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेने २०१६ मध्ये जे आकडे दिले त्याप्रमाणे तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी, दुपारची डुलकी धरून, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. समजा चार वर्षांचं मूल सुट्टीत रात्री अकराला झोपतंय आणि सकाळी साडेनऊला उठतंय. झाले साडेदहा तास. त्याची झोप व्यवस्थित चालू आहे, फक्त घड्याळात पुढे सरकलीय. ज्या दिवशी शाळा सुरू होते त्या दिवशी त्याला साडेसहाला उठवलं जातं, झोप मात्र आदल्या रात्री अकरालाच लागलेली असते, आणि तेव्हा एका फटक्यात तीन तास कापले जातात. म्हणजे झोप बुडाली ती सुट्टीत की शाळेच्या पहिल्या दिवशी? सगळे ग्रुप सुट्टीला दोष देत बसतात, आणि तिकडे वर्गात मात्र पहिल्याच सोमवारी झोप न झालेल्या तीस-चाळीस मुलांना वही काढा म्हणतात. विमानाने लांबच्या देशात गेलेल्या मोठ्या माणसाला ऑफिसवाले विचारतात, जेटलॅग उतरला का. तासाला साधारण एक दिवस असा त्याचा ढोबळ हिशोब सगळ्यांना पाठ असतो. तीन तास सरकलेल्या चार वर्षांच्या मुलाला कोणी विचारत नाही.

आणि एक गोष्ट शिस्तवाले कायम विसरतात, सगळी माणसं एका वेगाने रुळत नाहीत. १९३८ मध्ये नॅथॅनियल क्लाइटमन नावाचा झोपेचा संशोधक आपल्या विद्यार्थ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत ३२ दिवस राहिला. सूर्य नाही, बाहेरचा आवाज नाही, दिवस २८ तासांचा धरून त्याप्रमाणे झोपायचं-उठायचं. विद्यार्थी आठवड्याभरात त्या नव्या दिवसाला सरावला, क्लाइटमनचं शरीर शेवटपर्यंत जुन्या चोवीस तासांनाच चिकटून राहिलं. दोघं एकाच गुहेत, एकाच वेळापत्रकावर, आणि त्यातला एक तर झोपेच्या शास्त्राचा जनक म्हणून ओळखला जाणारा माणूस! मग एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी थोरली दुसऱ्या दिवशी हसत उठते आणि धाकटा गुरुवारपर्यंत रडतो तर त्यात "हिला वळण आहे आणि त्याला नाही" असं म्हणायचं कशाला?

मुलं घड्याळावर चालली पाहिजेत हा आग्रह पण काही वेदकाळापासून आलेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग या डॉक्टरने तान्ह्या बाळाला चार-चार तासांनी घड्याळ बघूनच पाजायचं अशी पद्धत रुजवली, तिथून ती ब्रिटनपर्यंत पोचली, आणि कित्येक बायका बाळ रडत असताना काट्याकडे बघत बसल्या. १९२८ मध्ये जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तर सांगितलं की मुलांना मिठ्या मारू नका, पापे घेऊ नका, सकाळी हात मिळवा. हात मिळवा! आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल की तान्ह्याला भूक लागली की पाजा. त्यावेळी हे सगळं शास्त्राच्याच नावाने, त्याच ठाम आवाजात सांगितलं जात होतं ज्या आवाजात आज ग्रुपवर "साडेआठ म्हणजे साडेआठ" असे मेसेज पडतात. ते फॉरवर्ड होणारं "२१ दिवसांत सवय लागते" पण तसलंच. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या सुमारास लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस जातात, लोकांनी त्यातला "निदान" उडवून नियम बनवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा सवय अंगात मुरायला कोणाला १८ दिवस तर कोणाला २५४ असा हिशोब निघाला, मधला आकडा ६६, आणि मध्ये एखादा दिवस बुडाला तर फारसा फरक पडत नाही हेही दिसलं. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता हे खरं, पण निदान मुलांच्या बाबतीत तरी जरा दमाने घ्यायला काय हरकत आहे.

आता मोकळीकवाल्यांकडे वळू. सगळ्यांनी एकाच वेळी मोकळं असणं ही चैन नाही, घराची गरज आहे, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, आणि याचा पुरावा इतिहासात फार विचित्र ठिकाणी सापडतो. सोव्हिएत रशियात १९२९ मध्ये आठवडा पाच दिवसांचा केला, कारखाने एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग आणि प्रत्येक रंगाचा सुट्टीचा दिवस वेगळा. कागदावर बघितलं तर माणसाला आधीपेक्षा जास्त सुट्ट्या मिळत होत्या. पण नवऱ्याचा रंग एक आणि बायकोचा दुसरा, मुलांची शाळा तिसऱ्याच दिवशी बंद, असली सुट्टी काय कामाची, अशा तक्रारी थेट वर्तमानपत्रांत यायला लागल्या. १९३१ मध्ये ती वेगवेगळ्या दिवसांची भानगड गुंडाळायला घेतली आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आला. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, ती पण सगळ्यांची मिळून एक अशीच होती. म्हणजे सुट्टीत रात्री गप्पा मारत सगळे एकत्र जागले तर ती वेळ वाया गेली असं मी म्हणणार नाही. सकाळच्या झोपेपेक्षा ती मोठी.

पण मोकळीकवाल्यांचं पुढचं वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. "मुलं काय, आपोआप रुळतात." हे आपोआप म्हणजे नक्की कोण? सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी कुठल्याही घरात डोकावून बघा. चार वर्षांचं पोर पलंगाच्या कडेला बसलंय, एका पायात मोजा, दुसरा हातात, आणि मोज्याची शिवण टोचते म्हणून डोळ्यात पाणी. हाच मोजा महिन्यापूर्वी टोचत नव्हता. बूट घालायला गेलं तर अंगठा पुढे दाबला जातोय, कारण या वयात पाय भराभर वाढतात आणि सुट्टीत बूट कोणी घातलेच नव्हते. दप्तर उघडलं तर तळाशी सुट्टीच्या आदल्या दिवशीचा डबा, बंद, झाकण उघडायची हिंमत कोणाची होत नाही. डायरीत एक सूचना आहे की आज अमुक रंगाचा कागद आणि चार फोटो आणायचेत, ती सूचना वाचायची राहिलीय. घड्याळ पुढे पळतंय. आता या प्रत्येक गोष्टीला कोणीतरी एक माणूस लागतं, बूट आदल्या दिवशी घालून बघणारं, डबा आठवणारं, डायरी वाचणारं, आणि त्या मोज्याशी वाद न घालता तो उलटा करून देणारं. मग दुपारी मूल घरी आल्यावर दिवसभर शहाण्यासारखं वागल्याचा सगळा वचपा कोणावर काढतं? तिच्यावरच. संध्याकाळी बाबा घरी येतात तेव्हा पोर खेळत असतं, मग बाबा म्हणतात, बघ, रुळला की आपोआप.

"आमच्या वेळी कुठे होती ही थेरं" असं म्हणणाऱ्यांना पण हेच उत्तर आहे. तुमच्या वेळी हे काम नव्हतं असं नाही, ते करणारी माणसं घरात दिवसभर होती, आणि त्या कामाला काम म्हणायची पद्धत नव्हती. आज दोघं नोकरी करतात, त्याच सोमवारी ऑफिसात पण वर्षाचं प्लॅनिंग, टार्गेट, सकाळी नऊची मीटिंग. मुलाची शाळा आणि मोठ्यांचं काम एकाच दिवशी, एकाच तासाला, दोन्ही फुल स्पीडने सुरू करायचं हे कोणी ठरवलं? कोणीच नाही, कॅलेंडरवर तसं पडलं एवढंच.

मग करायचं काय? पहिली कल्पना सगळ्यांनाच सुचते, लहान वर्गांना पहिला आठवडा अर्धा दिवस शाळा ठेवा. माझा याला विरोध आहे, आणि विरोध करणारे याबाबतीत अगदी बरोबर आहेत. अर्धा दिवस शाळा म्हणजे नोकरी करणाऱ्या आईबापांना उरलेल्या अर्ध्या दिवसाची नवी विवंचना, ज्यांना पाळणाघर परवडत नाही त्यांना तर जास्तच. उलट शाळा पूर्ण वेळच असावी पण ओझं अर्धं असावं. पहिल्या आठवड्यात चाचणी नको, काही जमा करायचं नको, नवा धडा नको, जुनंच पुन्हा खेळत-बोलत. दुपारी एखादं मूल बाकावर डोकं टेकून झोपलं तर झोपू दे. बालवाडीत पहिले काही दिवस आईला सोडताना मुलं पुन्हा रडतात, जी दोन महिने छान जात होती तीसुद्धा, तिथे दारात दोन मिनिटं जास्त थांबायची परवानगी असावी. यासाठी नवा पैसा लागत नाही, फक्त वेळापत्रक करताना एक आठवडा पुढे बघायचं.

ऑफिसचं म्हणाल तर त्या आठवड्यात सकाळची वेळ तासभर सैल ठेवा आणि नऊची मीटिंग अकराला घ्या. यावर लगेच आक्षेप येतो की ज्यांना मुलं नाहीत त्यांनी का भुर्दंड सोसायचा, आणि हा आक्षेप रास्त आहे, म्हणून ही सवलत फक्त आयांना देऊच नका, सगळ्यांना द्या. फक्त आयांना दिली की पुढच्या प्रमोशनच्या वेळी ती त्यांच्याच नावावर मांडली जाते, हे सगळ्यांनी बघितलंय. दुसरा आक्षेप की काम खोळंबेल. इथे मला इंग्लंडमधले जुने कारागीर आठवतात. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पण कामावर न येण्याची त्यांची पद्धतच होती, थट्टेने त्याला सेंट मंडे म्हणायचे, जणू सोमवार हा पण कोणा संताचा दिवस. मालक वर्षानुवर्षं बोटं मोडत राहिले, दंड लावून पाहिले. पुढे १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांत बायका आणि किशोरवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं, मग शनिवारचा अर्धा दिवस हळूहळू बाकीच्या धंद्यांत पण पसरला, आणि कित्येक मालकांनी तो सोमवारच्या दांड्या थांबाव्यात म्हणून आपणहून दिला. जो वेळ असाही गळत होता त्याला एक ठरलेली जागा मिळाली. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा आजही गळतोच की. कोण उशिरा येतं, कोण फोनवर शाळेशी बोलत कोपऱ्यात उभं असतं, कोण "तब्येत बरी नाही" सांगतं आणि खरं तर मुलाची बरी नसते. सगळे पूर्ण वेगाने काम चालू असल्याचं नाटक करतात फक्त.

आणि आजारपण तर येतंच, ते काही अचानक आकाशातून पडत नाही. शाळेत-पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं डॉक्टर नॉर्मल धरतात. मुलं वेगळी झाली की साथ मंदावते, पुन्हा एका वर्गात कोंबली की वाढते. २००९ च्या फ्लूच्या साथीत ब्रिटनमध्ये शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर रुग्ण कमी झाले आणि शाळा उघडल्यावर पुन्हा वाढले, हे आकड्यांत स्वच्छ दिसलं. मग शाळा उघडल्यानंतरच्या पंधरवड्यात मुलं आजारी पडणार हे माहीत असताना शाळा नेमकं त्याच पंधरवड्यात शंभर टक्के हजेरीचं बक्षीस का लावते? तापलेलं पोर गोळी देऊन वर्गात पाठवायला आपण स्वतःच आमिष लावतो आणि मग म्हणतो पालक बेजबाबदार आहेत. (जानेवारीतला तिसरा सोमवार हा वर्षातला सर्वात दुःखी दिवस असतो असंही दरवर्षी फिरतं. ते २००५ मध्ये एका ट्रॅव्हल चॅनलच्या जाहिरातीसाठी काढलेलं पिल्लू आहे, त्यावर तरी वेळ घालवू नका. ज्यांच्या घरात तीन वर्षांचं पोर आहे त्यांना दुःखी व्हायला तिसऱ्या सोमवारपर्यंत थांबावं लागत नाही.)

घरी काय करावं यावर मी फार बोलणार नाही, सल्ल्यांचा सुकाळ आहे. एवढंच की मुलाला झोपवता येत नाही, उठवता येतं. म्हणून शाळा सुरू व्हायच्या तीन-चार दिवस आधीपासून उठायची वेळ रोज अर्धा-पाऊण तास मागे घ्या, उठल्या उठल्या उजेडात न्या, रात्री जेवणानंतर मोठे दिवे बंद. जेवण-आंघोळ-गृहपाठाची सगळी शिस्त एकाच सोमवारी परत आणायला जाऊ नका. आणि हे काम घरात कोण करणार हे आधी बोलून ठरवा, कारण न ठरवलेलं काम कोणाकडे जातं ते वर लिहिलंच आहे.

शाळांचं मात्र मागितल्याशिवाय होणार नाही. पालकसभेत मोबाईल, मार्क आणि बसच्या वेळा यावर आपण तासभर घालवतो, तिथे हे दोन मिनिटांत विचारता येतं की सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात चाचणी आणि हजेरीचं बक्षीस कशासाठी, ते पुढच्या आठवड्यात ढकलता येईल का. आणि हा प्रश्न बाबांनी विचारला तर जास्त बरं. आईने विचारला की "मॅडम जरा जास्तच काळजी करतात" म्हणून सोडून देतात, बाबांनी विचारला की समोरचे वहीत लिहून घेतात.